अर्ज क्रमांक १,००,००३

१९७४ साली पाणीपुरवठा कार्यालयातला वशिला कायमचा बंद झाला. अर्ज कुणाकडे जावा हे यापुढे माणूस नव्हे, गणित ठरवणार होतं. अर्जाच्या क्रमांकाला ज्या टेबलाच्या क्रमांकाने पूर्ण भाग जाईल, त्या टेबलाने तो निकाली काढायचा. टेबलं बारा होती.

गणिताच्या निवृत्त बाईंना हा नियम मनापासून आवडला. त्या आणि त्यांची विधवा नणंद मिळून रोज चौदा बादल्या दुसऱ्या मजल्यावर चढवत. चारही गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा घरात नळ मिळावा म्हणून बाईंनी अर्ज केला. पावतीवर आकडा पडला १,००,००३.

खिडकीतला कारकून त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने दोनापासून बारापर्यंत भागून पाहिलं.

"बाई, कुठेच बसत नाही."

"बसायचाच नाही. मूळ संख्या आहे ती. सहा आकड्यांतली सगळ्यांत धाकटी," बाई कौतुकाने म्हणाल्या.

"मग एक नंबरचं टेबल. एकाने सगळ्यांनाच भाग जातो."

"दे की मग तिथे."

"तिथले साहेब मार्चमध्ये निवृत्त झाले. खुर्ची रिकामी आहे." त्याने छताला टेकलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "पाचांतला एक अर्ज तिकडेच जातो, बाई."

घरी नणंद म्हणाली, "वहिनी, एखादा सम आकडा मागून घ्या ना."

"मागून घेतला तर तो वशिलाच झाला, वन्सं."

"मग उचला बादली."

बाईंनी बादली नाही, पेन उचललं. पासष्ट भागाकार मांडून त्यांनी सिद्ध केलं, की या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही. सबब अर्जाचा खास बाब म्हणून विचार व्हावा. कार्यालयात प्रथमच एखादा अर्ज शेवटपर्यंत वाचला गेला. तीन महिन्यांनी उत्तर आलं:

"आपली सिद्धता मान्य आहे. आपल्या अर्जाला त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने भाग जात असल्याने तो टेबल क्रमांक १,००,००३ कडे वर्ग करण्यात येत आहे. त्यासाठी लागणारी आणखी ९९,९९१ टेबलं उपलब्ध होताच कळवण्यात येईल."

टेबलांचं काम सुतारांमध्ये समान वाटून द्यायचं ठरलं आहे, असंही पत्राखाली लिहिलं होतं. बाईंनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच ९९,९९१ ला भागून पाहिलं.

"वन्सं, हीही मूळच निघाली."

नणंदेने रिकामी बादली त्यांच्या हातात दिली.

कारकून पुढे टेबलवाटप समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याच पदावरून निवृत्त झाला. नणंद तळमजल्यावर राहणाऱ्या लेकीकडे गेली. बाई शेवटपर्यंत वरच राहिल्या. चौदा बादल्यांच्या सात झाल्या, आणि सात ही मूळ संख्या आहे, याचं त्यांना समाधान होतं.

वाचता वाचता आपणही एखादी जुनी पावती काढून आकडा भागून पाहिला असेल, तर लाजू नका. एक नंबरच्या टेबलाची खुर्ची अजून रिकामी आहे आणि तिथे एवढीच पात्रता लागते.