अनुग्रहाला कॅलरी नसते

नाताळच्या सुट्टीत सभासदांची वजनं वाढतात, या गंभीर बाबीची दखल घेऊन इकडे परदेशात, बेडोकच्या आमच्या कीर्तन मंडळाने आरोग्य उपसमिती नेमली. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड झाली, कारण ठराव मांडला गेला तेव्हा मी आत शिऱ्याची दुसरी वाटी भरून घेत होतो.

या पदाला एक मान चिकटून आला. श्रीनिवासबुवा पुण्याला गेलेले, त्यामुळे पंचवीस डिसेंबरचं कीर्तन मी करायचं ठरलं. बुवांच्या मागे टाळ धरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कपाळी बुक्का आणि गळ्यात हार घालून एकदा पुढे उभं राहावं, एवढीच हौस देवाने बाकी ठेवली होती. विषयही मिळाला, 'जिभेवर ताबा'.

"अट एकच," कार्यवाह प्रेमलाताई म्हणाल्या. "कीर्तनापर्यंत गोडाला शिवायचं नाही. शिवलात, तर उज्ज्वल उभा राहील. त्याला आख्यान तोंडपाठ आहे."

उज्ज्वल आमचा पेटीवाला. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तेवढ्यात एक सूर वाजवूनही घेतला.

मी संयम पाळत होतो, देव साक्षी आहे. मग शेजारच्या मिसेस लिमनी दार वाजवलं. हातात गरम ॲपल पाय: खुसखुशीत पारीत शिजलेली सफरचंदं, वर दालचिनी.

"अंकल, नो एग वन! स्पेशली फॉर यू. प्रे फर्स्ट, देन ईट, कॅन?"

परक्या धर्माच्या माउलीने आपल्या देवाची आठवण करून द्यावी आणि आपण डबा परत करावा, हे कोणत्या निरूपणात बसतं? मी तुळशीपत्र ठेवून पाय देवापुढे मांडला. तो नैवेद्य झाला. घंटा वाजवली, प्रसाद झाला. आणि प्रसाद नाकारण्याचं पाप आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही.

"बाबा, इट्स स्टिल पाय, लाह," आमची चैत्राली म्हणाली. इंग्रजी शाळेत घातलं की असं होतं.

तरी नियम तो नियम. मी उपसमितीची तातडीची बैठक बोलावली. सदस्य दोन: माझी बायको संजीवनी आणि बँकेत ऑडिट करणारे निशिकांत.

"प्रसाद हा आहार आहे काय?" मी प्रश्न मांडला.

"मुळीच नाही," निशिकांत म्हणाले. "आहार आपण घेतो, प्रसाद मिळतो. तो अनुग्रह. अनुग्रहाला कॅलरी नसते."

"पण किती घ्यावा?"

"हातात मावेल तेवढा."

"एका की दोन्ही?"

"ओंजळीत घेणंच शास्त्राला धरून आहे," संजीवनी म्हणाली आणि स्वतःची ओंजळ पुढे केली. ठरावाला विरोध झाला नाही.

निर्णय मंडळाच्या व्हॉट्सॲपवर गेला आणि पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बुकित बातोकपर्यंतच्या सभासदांची भक्ती उचंबळून आली. ऑफिसात मिळालेले पायचे डबे घेऊन लोक आमच्या घरी नैवेद्याला येऊ लागले: भोपळ्याचा, आंब्याचा, अक्रोडाचा. अंडं घातलेला पाय देवघरात चालेना, म्हणून तो बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवून देवाला लांबून दाखवावा, असा पोटनियम झाला. नरेशने तर ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावून अख्खा बुफे देवाला दाखवला. दाखवून उरलेलं वाया घालवणं पाप, आणि ते टाळण्याची जबाबदारी अर्थातच अध्यक्षांची. माझं वजन वाढत होतं म्हणे. मला कळलं नाही. धोतराचा हाच मोठा दोष, ते तक्रार करत नाही.

पंचवीस तारखेला हॉल भरला. प्रेमलाताईंनी हार हातात धरूनच विचारलं, "गोडाला शिवलात?"

"गोडाला नाही," मी नम्रपणे म्हणालो.

गळ्यात हार पडला. नमन गायलो, पूर्वरंगात शिरलो. "जीभ ही चाकर, तिला मालकीण करू नका!" असं म्हणत वरचा सूर लावायला छाती भरून श्वास घेतला, आणि सुराच्या जागी ढेकर आला. लांबलचक, माईकवरून, दालचिनीच्या वासाचा.

पेटी थांबली.

"हा पाय आहे," पहिल्या रांगेतून प्रेमलाताई म्हणाल्या.

"प्रसाद आहे, ताई."

"हार काढा. उज्ज्वल, ऊठ."

उज्ज्वल उठेना. "ताई, मी पण... म्हणजे प्रसादच हं."

"बरं. मग ज्याने असला प्रसादसुद्धा घेतला नाही, त्याने हात वर करावा."

हॉलमध्ये एकही हात वर आला नाही. प्रेमलाताईंचा स्वतःचा हात पदराशी चाळा करत राहिला.

बुवा बदलता येईना, म्हणून विषय बदलला. मी 'दया' या विषयावर मनसोक्त गायलो. दयेची सुरुवात स्वतःपासून करावी, हे सांगताना सगळ्यांचे डोळे पाणावले. असं रंगलेलं कीर्तन मंडळाने पाहिलं नव्हतं. आरतीनंतर तिथल्या तिथे ठरलं: झालं ते झालं, शरीरशुद्धीसाठी येत्या एकादशीला सर्वांनी कडक उपास करावा, आणि त्यासाठी प्रेमलाताईंनी राजगिऱ्याच्या पारीचा, रताळ्याचं सारण भरलेला उपासाचा पाय करावा.

ही हकीकत मी ज्या ज्या सज्जनांना सांगितली, ते आमच्या ढोंगावर पोट धरधरून हसले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच त्या पायची कृती विचारली. स्वतःसाठी नव्हे, घरात कुणाचा तरी उपास असतो म्हणून. तुम्हालाही हवी असेल तर कळवा. कुणासाठी, ते मी विचारणार नाही.