तीन फूट नऊ इंच तीन सूत

"पोरी, गेट तयार हाय. पण तू जरा वर्कशॉपवर ये," गफ्फारचाचा फोनवर म्हणाले. "अन् येतानी शांत डोक्यानं ये."

शांत डोक्याने ये असे सांगितल्यावर कोणीही शांत राहत नाही. सुरभीने स्कूटी काढली आणि पाच मिनिटांत दिग्रसच्या बसस्टँडमागचे वर्कशॉप गाठले. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली ही मुलगी घरच्या पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर नकाशे आणि डिझाईन काढून द्यायची. गफ्फारचाचांनी वर्षापूर्वी लोखंड कापायची कॉम्प्युटरवाली मशीन घेतली, तेव्हापासून त्यांच्या गेटांचे काम तिच्याकडे होते. निदान सकाळपर्यंत तरी होते.

वर्कशॉपच्या मधोमध गेट ठेवलेले होते. स्टुलावर. दोन पल्ले, वर समोरासमोर दोन मोर, खाली वेलबुट्टी, सगळे जिथल्या तिथे. चाचा टेप लावून वाकले होते.

"तीन फूट नऊ इंच तीन सूत," ते म्हणाले. "पायजे होतं बारा फूट."

"हे कसं काय झालं, चाचा?"

"तेच त तुले विचारून राह्यलो मी!"

उत्तमसिंग राठोड यांच्या नव्या बंगल्याचा रविवारी गृहप्रवेश होता. त्यांच्या पुसदच्या व्याह्यांचे गेट दहा फुटी, म्हणून यांना बारा फुटी हवे होते. आज शुक्रवार. चार वाजता ते गेट बघायला येणार होते आणि आता पावणेतीन झाले होते.

"मी तुले मागच्या टायमालेच सांगतलं होतं," चाचा टेप गुंडाळत म्हणाले. "अजून एक गडबड झाली का मी आपला खडू घेतो अन् फरशीवर डिझाईन काढतो. माह्या अब्बानं जिंदगीभर तसंच काढलं. एक मोर लंगडा नाही निघाला."

लंगड्या मोरांचा विषय निघाल्यावर सुरभी मशीन चालवणाऱ्या मलिकाकडे वळली. मलिका चाचांची सून, आयटीआय झालेली.

"भाभी, कापतानी दिसलं नाही का तुमाले?"

"दिसलं ना. चार शीटचं काम अर्ध्या शीटात बसलं. मी अब्बाले बोलली बी. अब्बा म्हणे, पढीलिखी पोरगी हाय, डोकं लावून माल वाचवला तिनं."

चाचांना अचानक खोकला आला.

"पण मंग थांबवायचं ना!"

"कायले थांबवू? फाईलले हात लावायचा नाही, हे कोण म्हणलं होतं?"

हे सुरभीच म्हणाली होती. तिचा प्रोग्रॅम आणि मशीनचा प्रोग्रॅम एकमेकांच्या फाईली उघडत नसत. त्यामुळे मध्ये एका तिसऱ्याच प्रकारची फाईल करावी लागे, जी दोघांनाही समजे, पण अर्धवट. मागच्या वेळी या प्रवासात मोरांचे पाय गळाले. मलिकाने ते आपल्या मनाने काढून जोडले, आणि मोरांना कोंबडीचे पाय आले. त्या दिवशी करार झाला: फाईल जशी येईल तशी कापायची. मलिकाने तो शब्दशः पाळला होता.

सुरभी मशीनच्या कॉम्प्युटरसमोर बसली. दोन मिनिटांत तिने चुटकी वाजवली. "सापडलं! हे मिलीमीटर धरून राह्यलं. भाभी, इंच करा."

मलिकाने इंच केले. पडद्यावरचे गेट नाहीसे झाले.

"कुठं गेलं?"

"मोठं झालं असन. लांबून पाहा." मलिका माऊस फिरवत चित्र लांब लांब नेत राहिली. शेवटी गेट पडद्यात मावले.

"आता रुंदी किती?"

"शहाण्णव फूट."

"शहाण्णव!" चाचा उठून उभे राहिले. "अवं, कापसाच्या दहा गाड्या एका टायमाले आत जातीन! त्याले बंगल्याचं गेट पायजे, जिनिंगचं नाही!"

सुरभीचे लक्ष नव्हते. ती बोटाने हवेत भागाकार करत होती. शहाण्णव भागिले बारा, आठ. बरोबर आठ, बाकी शून्य. चुकीतून पूर्णांक निघाला की तिला बरे वाटत असे. अशी चूक पकडता येते.

"चाचा, मापं तुमी कशात लिहून दिली होती?"

"कशात म्हंजे? इंच-सुतात. इंचाचे आठ सूत. त्याच्याबिगर लोखंडाचं माप राह्यते का कुठं?"

सुरभीने कपाळाला हात लावला. चाचांच्या चिठ्ठीवर 'छत्तीस इंच पाच सूत' अशी मापे होती. अपूर्णांक टाळायचे म्हणून तिने सगळ्याचे सूत केले होते. बारा फुटांचे अकराशे बावन्न. अकराशे बावन्न काय, हे तिच्या प्रोग्रॅमने विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. मधल्या फाईलने आकडा तेवढा नेला. मशीनने तो मिलीमीटर समजून इमानदारीने कापला.

"म्हंजे गलती कोणाची?" मलिकाने विचारले.

"माही," सुरभी म्हणाली. "एका सुताचे तीन पॉइंट एकशे पंच्याहत्तर मिलीमीटर. तेवढ्यानं गुणलं का बरोबर बारा फूट येते. कापाले किती वेळ लागन?"

"उद्या दुपार."

"अन् चार वाजता त्याले काय दाखवू?" चाचा म्हणाले. "हे खेळणं?"

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. सव्वातीनच झाले होते. चाचांनी झटकन पोते ओढून गेटावर टाकले, पण एका मोराची मान बाहेरच राहिली. उत्तमसिंग थेट त्या मानेकडेच चालत आले. मागे त्यांचे साडू देवीलाल होते. उत्तमसिंगांनी पोते उचलले.

"हे काय होय?"

चाचांनी सुरभीकडे पाहिले, सुरभीने मलिकाकडे.

"नमुना," मलिका म्हणाली.

"हां, नमुना," चाचा म्हणाले.

उत्तमसिंग गुडघ्यावर बसले. पल्ला उघडला, लावला. पुन्हा उघडला. "याडी!" त्यांच्या तोंडून बंजारा बोलीतली आई निघाली. "पहिले नमुना? देवीलाल, पाहून राह्यला का? पुसदवाल्याले कोणी नमुना दाखवला होता?"

"कायचा नमुना भाऊ, त्याचं गेट त खाली घासते."

"बरं झालं पण," उत्तमसिंग उठत म्हणाले. "तुमाले सांगाचंच राह्यलं. काल खांबाले ग्रॅनाईट लावला. दोन्हीकून तीन-तीन इंच गेले. आता जागा साडेअकरा फूटच उरली. मी म्हटलं, गेट कापून झालं असन त आता काय करायचं!"

चाचांनी स्टुलावरचे गेट उचलून खाली ठेवले आणि त्या जागी स्वतः बसले. सगळे बरोबर झाले असते तर आता बारा फुटांचे भंगार त्यांच्यासमोर उभे असते.

"साडेअकरा चालते ना तुमाले?" सुरभीने विचारले.

"व्याह्यापेक्षा दीड फूट जास्तच हाय ना?"

"हाय."

"मंग झालं!"

सुरभीने प्रत्येक पल्ल्याचे दोन, अशा गेटच्या चारही तुकड्यांच्या रुंदीतून प्रत्येकी बारा सूत कमी केले, सगळ्याला तीन पॉइंट एकशे पंच्याहत्तरने गुणले आणि मलिकाला आकडे तीनदा वाचून दाखवायला लावले. शनिवारी संध्याकाळी गेट खांबांत बसले. घासले नाही. नमुना उत्तमसिंगांनी हट्टाने घरी नेला आणि गृहप्रवेशाला दिवाणखान्यात टेबलावर मांडला. मोठ्या गेटातून पाहुणे नुसते आत आले. लहान गेट मात्र प्रत्येकाने उघडून-लावून पाहिले. खडूचा विषय चाचांनी पुन्हा काढला नाही.

मंगळवारी मलिकाचा फोन आला.

"सुरभी, पुसदच्या व्याह्यांची ऑर्डर हाय. तेरा फूट पायजे म्हणते. पण अगोदर नमुना पायजे, उत्तमसिंगजीच्या घरी पाह्यला अगदी तसाच. तू एक काम कर. तुही ती गलती जशीच्या तशी पाठव. दुरुस्त नको करू बरं!"

सुरभीने तेरा फुटांचे बाराशे अठ्ठेचाळीस सूत केले. एकक लिहिले नाही. मग तिने फाईल पाठवण्याआधी पुन्हा उघडून तपासली. चूक तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर होती.