तिफणीला पाय नसतात

अमडापूरच्या शेतकी प्रदर्शनात झुंबरबाईंच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि त्यांना आधी आठवल्या त्या विहीणबाई. पिंपळगाव राजाच्या सोजराबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या, "भोपळा बाजारातून आणला असन!" आता बक्षीस घेतानाचा फोटो त्यांच्या पुढ्यात आपटल्याशिवाय झुंबरबाईंना अन्न गोड लागणार नव्हतं.

भाचा निवृत्ती मेहकरचा फोटोवाला. पण तो मंडपाच्या दारातूनच तोंड पाडून परतला. बक्षीस द्यायला गोरा साहेब येणार, त्याचा फोटो नागपूरहून आणलेला सरकारी फोटोवालाच काढणार. म्हणून शिपाई उत्तमरावांना हुकूम होता, तीन पायांचा कॅमेरा आत सोडायचा नाही.

"आत्या, माहा कॅमेरा तर तीन पायावरच उभा राह्यते."

"मंग पाय ठेव घरी," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांची तीन फणांची पेरणीची तिफण प्रदर्शनासाठी बाहेर गाडीत होतीच. बियाणं सोडायचं चाडं काढून तिथं त्यांनी कॅमेरा करकचून बांधला, वरून काळं फडकं टाकलं आणि निवृत्तीच्या खांद्यावर तिफण दिली.

दारात उत्तमरावांनी अडवलं. "हे काळं काय व्हय?"

"चाडं झाकलं. नजर लागते."

"पन खाली तीन पाय दिसून राह्यले!"

"तिफनीले पाय असतात का हो? फन असतात. शेतकऱ्याचेच ना तुमी?"

उत्तमराव ओशाळले. "हाव, फनच हायेत. जा."

साहेब आले. झुंबरबाई भोपळा घेऊन पुढं झाल्या. साहेबांनी टोपी सारखी केली, हसू आणलं आणि इकडंतिकडं पाहिलं. "हमारा फोटोवाला किदर है?"

उत्तमरावांनी कडक सलाम ठोकला. "हुजूर, दारातच अडवला! लय भांडला, पन त्याच्या कॅमेऱ्याले पक्के पायच होते!"

साहेब लालबुंद झाले. झुंबरबाईंनी शांतपणे निवृत्तीनं समोर टेकवलेल्या तिफणीवरचं फडकं ओढलं. साहेब त्या कॅमेऱ्याकडं बघतच राहिले.

"तिफन हाय, हुजूर," उत्तमराव घाईघाईनं म्हणाले.

साहेबांनी मिशीवर हात फिरवला. "निकालो फोटो."

"निंघते ना. पन भोपळा मधात पाह्यजे," झुंबरबाईंनी बजावलं. "अन् साहेब, तुमी जरा बाजूले सरका."

साहेब सरकले.

आठवड्यानं सोजराबाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला. खोट काढायला जागाच नव्हती. शेवटी म्हणाल्या, "हा कडेले टोपीवाला कोन व्हय?"

"तो व्हय का?" झुंबरबाई म्हणाल्या. "भोपळा पाह्याले आलता."