राजधरआप्पांचा नकार

राजधरआप्पा रोज सकाळी मोबाईलवर पंचांग बघतात, पण त्याआधी बराच वेळ 'नाही' म्हणतात.

पान उघडलं की खालून ती पाटी वर येते : आम्ही आणि आमचे भागीदार कुकीज वापरतो. तुम्ही-आम्ही मोठं रंगीत बटण दाबून मोकळे होतो. आप्पा त्या बटणाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून भागीदारांची यादी उघडतात, चष्मा नाकावर ओढतात आणि एकेकाचं नाव मोठ्याने वाचून त्याच्यापुढची खूण काढतात. "नही. नही. तू बी नही." आमच्या जिन्यात दूधवाल्याच्या हाकेनंतर ऐकू येतो तो हा आवाज. आज एकादशी आहे हे कळेपर्यंत आप्पांचे पोहे खाऊन झालेले असतात.

एवढे भागीदार कशाला, हे त्यांचं कायमचं दुखणं. सुरतेत आमच्या पर्वत पाटिया भागात कापडाच्या एका गाळ्यात दोन सख्खे भाऊ टिकत नाहीत, आणि इथे तिथी-नक्षत्र सांगायला शेकडो भागीदार लागतात, म्हणजे धंदा तिथीचा नसणार, असा त्यांचा हिशेब.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. उभी हयात पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये गेली. तिथे दहा व्यापाऱ्यांचं कोरं कापड एकाच हौदात रंगतं. मग कुठला ताका, म्हणजे कापडाचा तागा, कुणाचा हे कळायला प्रत्येक ताक्याच्या टोकाला लॉट नंबराचा ठप्पा मारतात. शाई अशी, की कापड लाल होवो की निळं, ठप्पा तसाच राहतो. आप्पा तो ठप्पा मारायचे. त्यामुळे कुकी म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून जेवढं लख्ख समजलं तेवढं कुणाकडूनच समजलं नाही. पानावर गेलात की ते तुमच्या फोनच्या टोकाला बारीकसा नंबर मारून ठेवतं. पुढच्या खेपेला तुम्हाला ओळखतं. इथवर ठीक. पण हे भागीदार एकाच मिलचे नसतात, ते सगळ्या मिलांमधून फिरत असतात. तुम्ही बातम्या वाचा, चपला बघा, औषध शोधा, दारात तोच माणूस उभा, तुमचं टोक उलटून नंबर वाचणारा. "ठप्पा मारू देवाना नही, मास्तर," हे आप्पांचं पालुपद.

मी मास्तर. लातूरकडचा, इथल्या मराठी शाळेत शिकवतो. दर वर्षी आमचा एखादा वर्ग कमी होतो, पोरं हिंदीत नाहीतर गुजरातीत जातात. अशाच एका उदास दुपारी मी स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर पुण्यातल्या नोकऱ्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याच कॉम्प्युटरवर सुट्ट्यांचं परिपत्रक उघडलं, तर दोन्ही बाजूंना पुण्यातले फ्लॅट. मला बोलावून त्यांनी अगदी मायेने विचारलं, हडपसर परवडेल का? मी आप्पांकडे रडगाणं गायलो तेव्हा ते हसले नाहीत. मी ठप्पा मारून घेतला होता आणि टोक दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, एवढंच म्हणाले.

खालच्या मजल्यावरचा जिग्नेश मात्र त्यांना फार छळायचा. आपण साधी माणसं, आपल्याला काय लपवायचंय, असं त्याचं म्हणणं. "काका, आपणे शुं छुपाववानुं?" आप्पांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तो पछी लूगडां शुं काम पेर्यां छे?" मग अंगावर कपडे कशाला घातलेस, हा सवाल सुरतेसारख्या कापडाच्या गावात पुरतो. संध्याकाळी जिग्नेश स्वतःचा फोन पुसून घ्यायला आला.

तेव्हापासून सगळी बिल्डिंगच येऊ लागली. रविवारी सकाळी आप्पांच्या दारात चपलांचा ढीग. आप्पा एकेकाचा फोन घेतात, जमलेल्या कुकीज काढून टाकतात, पदराने भांडं पुसावं तसं वर धोतराच्या सोग्याने काचही पुसून देतात. पुसण्याआधी त्यांना जाहिराती दिसतातच. कोण कर्ज शोधतंय, कुणाचे केस गळताहेत, कुणाची सून घर वेगळं करायला बघते आहे. आप्पांच्या तोंडून आजवर एक अक्षर बाहेर आलेलं नाही. दुसऱ्याच्या टोकावरचा नंबर आपण वाचायचा नाही, वाचलाच तर विसरायचा. या बाबतीत हा माणूस इतका कडक, की मला कधी कधी त्याचा राग यायचा.

आप्पांच्या घरात आता दुसरं कुणी नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. ती गेली, लेक त्याआधीच लग्न होऊन नाशिकला गेली होती. जिजी असताना त्या घरातून मिरचीच्या फोडणीचा ठसका यायचा, तो गेला. आप्पा एकटेच खिचडी करतात आणि दोन वेळा तीच खातात. रविवारची गर्दी ओसरली की उघड्या दारात नुसते बसून असतात. बघवत नाही, म्हणून मी पुष्कळदा खाली मान घालून जिना चढतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी फोन दिला, आणि आप्पा थांबले. पुसलं नाही. काचेकडे बघत राहिले. मग बाकीच्यांना दुपारनंतर या म्हणून सांगून दार लोटून घेतलं.

"वहिनी वापरतीस का हाऊ फोन?"

माझ्या बायकोचा, वंदनाचा फोन बिघडला होता, मी शाळेतून आलो की ती माझा घ्यायची. मी हो म्हटलं. आप्पांनी काच माझ्याकडे वळवली. पंचांगाच्या खाली एका हॉस्पिटलची जाहिरात होती : छातीत गाठ लागते? घाबरू नका, तपासून घ्या. दुसरं पान उघडलं, तिथेही तीच. वंदनानं शोधलेलं सगळं नीट पुसून टाकलं होतं. ठप्पा तेवढा राहिला होता. आणि खरं सांगायचं तर ती जाहिरात मला आठवडाभर दिसत होती. मी अंगठ्याने वर सरकवत होतो.

"आप्पा, तुम्ही तर कुणाचं सांगत नाही," मी म्हणालो.

आप्पा भिंतीकडच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघत होते. त्यावर जिजीनं विणलेलं झाकण अजून तसंच आहे.

"जिजीनं बी असंच व्हतं, मास्तर. ह्या कॉम्प्युटरवर माले दिसनं. पोरनं लगीन तोंडवर व्हतं. लगीन पार पडू दे, मंग सांगू, असं तिना मनमा व्हई. तिनी सांगं नही, मी इचारं नही. पोरले दिसाले नको म्हनीसन मी रोज पुसत ऱ्हायनू." त्यांनी चष्मा काढला. "दोन्हीसले वाटनं, आपुन दुसराले जपी ऱ्हायनूत."

लग्न थाटात झालं होतं. मी जेवलो होतो त्या पंगतीत. जिजी स्वतः आग्रह करून जिलबी वाढत होती, आणि आप्पा तिच्या मागे मागे ताट धरून हिंडत होते. लग्नात नवरा बायकोच्या मागे असा फिरतो म्हणून आम्ही त्यांची थट्टाही केली होती. पाहुणे गेल्यावर जिजीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं.

"वर जा आन इचारा," आप्पा म्हणाले. "रागे भरी तं भरू द्या."

मी वर गेलो. वंदना कणीक मळत होती. मी विचारलं. आपल्या बाबूची परीक्षा झाल्यावर सांगणार होते, म्हणाली. मग रडली. मीही रडलो, पिठाच्या हातांनी तिने माझा शर्ट धरला होता.

हॉस्पिटलात तपासणीसाठी नंबर फोनवरूनच लावायचा होता. पान उघडलं आणि खालून ती पाटी वर आली, आम्ही आणि आमचे भागीदार. एरवी मी मोठं बटण दाबतो, पण आप्पांचं इतकी वर्षं ऐकून त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, यादी उघडली, पहिल्या नावापुढची खूण काढायला लागलो.

आप्पा माझ्यामागून जिना चढून आले होते आणि दारातच उभे होते, हे मला माहीत नव्हतं. ते आत आले, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि यादी बंद करून ते मोठं रंगीत बटण दाबलं.

"मारू द्या ठप्पा आते," ते म्हणाले. "टाईम नका काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळचा नंबर मिळाला. आप्पा मोरीजवळच्या स्टुलावर बसले, वंदनाकडे पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायले. फोन पुसायला मागितला नाही.