दुपारचं ताजं धुकं

मानवी प्रगतीचा इतिहास हा मुख्यतः नावं बदलण्याचा इतिहास आहे. खालापूर तालुक्यातल्या कमलेशने त्यात आपल्या परीने भर घातली.

साजगावच्या अलीकडे त्याची भातशेती होती. भात लावायचा कंटाळा आल्यावर त्याने तिथे चार खोल्या, एक झोपाळा आणि एक बैलगाडी (बैलांवाचून) अशी मांडामांड करून कृषी पर्यटन केंद्र उघडलं. अडचण एकच होती. समोरचा डोंगर हिवाळ्यात दुपार झाली की पांढुरक्या पडद्याआड जायचा. पाहुणे विचारायचे, "डोंगर कुठंय?" कमलेश ओशाळून हात करायचा, "हाय, हाय. त्या तिकडं."

एकदा त्याची धाकटी बहीण जागृती माहेरी आली. ती पनवेलच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यांची आई गौराबाई ओटीवर बसून खोकत होती.

"धुकं सकाळचं असतंय," खोकल्यातून वाट काढत गौराबाई म्हणाली. "ह्ये भर उन्हात कसलं धुकं गं?"

"आये, धुकं नाय ते. कारखान्यांतून, गाड्यांतून वायू सुटतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. ऊन तापलं की त्यांची हवेतच रासायनिक क्रिया होते. झाडांतून निघणारे वायूही त्यात मिसळतात. मग बारीक बारीक कण तयार होतात. ते थेट छातीत उतरतात."

कमलेशने शेवटचं वाक्य सोडून सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"म्हणजे उन्हात पिकतं?"

"एका अर्थी, हो."

"झाडांचा हातभार हाय?"

"थोडा."

"मग हा शेतमालच झाला की गं!"

पुढच्याच आठवड्यात महामार्गाला फलक लागला: 'उन्हात तयार झालेलं ताजं धुकं. दुपारी बारा ते चार. (ढगाळ हवेत धुकं मिळणार नाही.)'

लोक तुटून पडले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. सकाळचं धुकं ओलं असतं, त्याने केस बसतात आणि त्यासाठी लवकर उठावं लागतं. दुपारच्या धुक्यात यांतला एकही दोष नाही. केंद्राने पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव पाहुण्यांनी धुकं 'छान' असल्याचं सांगितलं. (उरलेले दोघे खोकत असल्यामुळे त्यांचं मत नोंदवता आलं नाही.) गौराबाईचा खोकला 'ग्रामीण वातावरण' या सदरात धरण्यात आला.

"दादा, आयेला कुणाला तरी दाखव," जागृतीने फोनवरून तगादा लावला.

कमलेश काही दगड नव्हता. तो आईला मुंबईच्या छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजींना हवापालट पाहिजे. कर्जत-खालापूरकडे छान जागा निघाल्यात. आम्हीही शनिवारी तिकडेच चाललोय."

त्याच आठवड्यात संकट आलं. जवळचा मोठा कारखाना डागडुजीसाठी बंद झाला, आणि डोंगर दिसू लागला. नुसता दिसला नाही. त्याचे कडे, घळी, माथ्यावरचं एकुलतं झाड, सगळं कुणी पुसून ठेवल्यासारखं दिसलं. गौराबाई कधी नव्हे ती न खोकता अंगणात उभी राहिली.

"कमळ्या, तुझ्या बापासंगती त्या झाडापतूर गेलेली मी," ती म्हणाली. "हाय रं अजून."

कमलेशही क्षणभर त्या झाडाकडे बघत राहिला. मग फोन वाजला. पाहुणे विचारत होते, शनिवारी धुकं नक्की ना?

तो तडक कारखान्यात गेला. "साहेब, निदान शनिवारपुरता थोडा धूर सोडता येईल का?" गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यातच व्यवस्थापकांची उभी नोकरी गेली होती. त्यांना भरून आलं. त्यांनी कमलेशला शाल आणि श्रीफळ दिलं. पण यंत्रं उघडून ठेवलेली, त्यांचाही नाइलाज होता.

शनिवार लख्ख उजाडला. आईला बघायला जागृतीही आली होती. कमलेश माफीची वाक्यं घोकत फाटकापाशी उभा राहिला. पण सकाळपासूनच महामार्गावर गाड्यांची रांग लागली, ती त्याच्या फाटकापर्यंत आली. आतल्या गारव्यासाठी सगळ्यांची इंजिनं चालू. वारा पडलेला. ऊन चढलं, आणि डोंगराचं आधी ते झाड गेलं, मग माथा, मग कंबर. दुपारपर्यंत अख्खा डोंगर नाहीसा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जागे, बघितलंस?" कमलेश आनंदाने नाचायचाच बाकी होता. "कारखान्याची गरजच नाय! लोक आपला माल आपणच घेऊन येतात!"

गौराबाई पदर नाकाला लावून रांगेपाशी गेली. "बाबांनो, उभ्या गाड्या तरी बंद करा रं!" एका गाडीची काच खाली झाली, तिचा व्हिडिओ काढून झाला, आणि काच वर गेली.

जागृतीने आईची पिशवी भरली. "आये, चल इथून."

"चल म्हणतेस," गौराबाई पायरीवर टेकत म्हणाली, "पन कुठं गं?"

रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने भरलेली पिशवी परत ओटीवर ठेवली.

केंद्र जोरात चालू आहे. येत्या शनिवारी आपणही निघणार असालच, तर सकाळीच पोचावं. उन्हाला तयारीला थोडा वेळ द्यावा लागतो. रांगेत इंजिन बंद करण्याची तसदी घेऊ नये. आणि काच वर ठेवावी. बाहेरची हवा चांगली नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.