गडावरील हत्तीच्या रजेची हकीकत

श्रीशारदा सदा सहाय. सांगणाऱ्याचा हात हलका राहो, ऐकणाऱ्याचे मुख हसरे राहो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. मुलांनी आज्ञा केली की, हत्तीच्या रजेचे प्रकरण मुळापासून सांगावे. म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे.

एक राज्य होते. त्यास तट नाही, वेस नाही. ते मोबाइलच्या काचेवर वसलेले, आणि बोटाने वर सरकवावे तो खाली आणखी राज्य निघे. त्याचे धनी विश्वंभरपंत, पूर्वी शाळेत चित्रकलेचे मास्तर, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षे झालेली. पंतांनी राज्याचे चार महाल केले होते: एक विनोदाचा, एक डोंगरनद्यांचा, एक जुन्या चित्रांचा आणि एक इतिहासाचा. सकाळी चहाबरोबर विनोद सुटे, दुपारी एखाद्या घाटातले धुके, आणि सांजेस कोण्या देवळाच्या भिंतीवरले चित्र व त्याखाली चार ओळी इतिहास. आणि रयत चौदा हजार, ती अंगठ्यांचा नजराणा पाठवी, आणि पंत अंगठे पाहून संतोष पावत. राज्यात कायदा एकच होता, की जे थट्टेचे असेल त्याच्या उजव्या कोपऱ्यात तांबडा शिक्का मारावा आणि त्यात 'थट्टा' अशी अक्षरे असावी, म्हणजे लहानथोर कोणी फसू नये. नऊ वर्षे हा कायदा चालला, आणि रयतेस सवय जाहली की शिक्का असेल तर हसावे आणि नसेल तर विश्वास ठेवावा.

मग कार्तिकात पंतांस जुन्या धाटणीचे चित्र काढण्याची हुक्की आली, आणि आठ दिवस मांडी घालून त्यांनी एक गड काढिला, पायथ्याशी नदी काढिली, नदीत डुंबणारा हत्ती काढिला आणि काठावर छत्री धरून ताटकळलेला माहूत काढिला. खाली मजकूर लिहिला की, या गडावरील हत्तीस दरसाल पंधरा दिवस हवापालटाची रजा मिळे, आणि रजेच्या अर्जावर हत्ती स्वतः पायाचा ठसा उमटवी, आणि किल्लेदार अर्ज नामंजूर करील तर हत्ती दरवाजात बसून राही. येथवर सर्व यथास्थित. परंतु शिक्का मारतेसमयी पंतांचा हात थबकला, कारण उजव्या कोपऱ्यात नदीचे वळण आले होते आणि ती निळाई साधण्यात तीन दिवस गेले होते. पंतांच्या पत्नी कुमुदिनीबाई भाजी निवडीत होत्या. त्यांनी विचारले की, शिक्का कोठे आहे? पंत बोलिले की, हत्तीच्या रजेवर कोण विश्वास ठेवतो, आणि निळ्यावर तांबडे बसले की चित्र मेलेच. मग चित्र तसेच राज्यात सोडिले, आणि दोन दिवसांत अंगठ्यांचा असा पाऊस पडिला की जैसा पूर्वी कधी पडला नव्हता.

यानंतर मार्गशीर्ष वद्य चतुर्थीस दिवेलागणीच्या सुमारास पंतांस एक पत्र आले. पाठविणारी शरयू, त्याच शहरातली, सहावीत शिकणारी, आणि पत्र आईच्या मोबाइलवरून, खाली शाळेचे नाव. तिने लिहिले होते: 'आजोबा, उद्या आमच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन आहे. मी तुमचा हत्तीचा गड केलाय. वर्गात सगळे हसले, म्हणाले हत्तीला कुठे रजा असते का. मी सांगितलं, पंत आजोबांच्या चित्रावर शिक्का नाही, म्हणजे खरं आहे. पैज लागली आहे. हरलं त्याने वर्गापुढे कान धरून उभं राहायचं. तेवढा खरा अर्ज कुठे ठेवलाय ते कळवा.'

पंतांनी पत्र दोन वेळा वाचिले आणि चष्मा काढून पुसला. मग उत्तर लिहू लागले, आणि लिहिले ते खोडिले, आणि पुन्हा लिहिले. मग म्हणू लागले की, प्रदर्शन एका दिवसाचे, पोरीची हौस होईल, परवा सावकाश सांगू. कुमुदिनीबाई बोलिल्या, "अहो, तुमच्या नदीला डाग नको होता. आता कान कोणी धरायचे, तिने?" पंतांनी लिहिलेले पुन्हा खोडिले. बाई म्हणाल्या, "आणि मोबाइलवर नका सांगू. तोंडावर जाऊन सांगा. लहान आहे म्हणून काय झालं."

दुसरे दिवशी सकाळी पंत रिक्षा करून शाळेत दाखल झाले. दालनात मुलांचे गड, नाणी, तोफा मांडलेल्या, आणि खिडकीपाशी शरयूचा गड होता. थर्माकोलचा तट, शाडूचा हत्ती, आणि अर्जाचा कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुना केलेला, त्यावर बटाट्याने उठविलेला पायाचा ठसा. परीक्षक येण्यास अर्धी घटका होती. पंतांनी आपली ओळख दिली आणि उभ्या उभ्या सर्व खरे सांगून टाकिले. मुलीने ऐकले, आणि बराच वेळ हत्तीचे शेपूट नीट करीत राहिली.

"मग शिक्का का नाही मारला?"

"चित्र खराब झालं असतं, बाळ."

"मी सगळ्यांना तुमचं नाव सांगितलं होतं," ती म्हणाली. ती रडली नाही. त्याहून पंतांस रडणे सोसले असते. ते म्हणते झाले की, आता तू सांगशील तसे करितो, वर्गापुढे कान मी धरितो. शरयूने विचार केला आणि म्हणाली की, कान धरून काय उपयोग, सगळे हसतील आणि विसरतील. मग तिने एक पुठ्ठा घेतला, त्यावर ठळक लिहिले की 'हे खोटं आहे. ज्यांना खरं वाटलं त्यांनी खाली नाव लिहा', आणि पुठ्ठा गडापुढे टेकविला, आणि पंतांस बाकावर बसवून त्यांच्या पुढ्यात चिठ्ठी ठेविली की 'हे यांनी लिहिलं. काहीही विचारा.' आणि स्वतः पुठ्ठ्यावर पहिले नाव लिहिले.

मग मुलांनी पंतांस घेरिले, आणि कोणी पुसे की कागद कोठे सापडला, कोणी पुसे की किल्लेदाराचे नाव काय, कोणी पुसे की हत्तीस वाचता येत होते काय, आणि पंत प्रत्येकास सांगत की हेच तुम्ही मला आधी पुसायचे होते. पैज लावणारा श्रीरंग पुढे आला आणि बोलिला, "शरयू, कान धर." तेवढ्यात इतिहासाचे परीक्षक सरपोतदार सर आले. त्यांनी गड पाहिला, हत्ती पाहिला, पुठ्ठा वाचिला, आणि तोच पुन्हा वाचिला. कारण त्यांनी ते चित्र शिक्षकांच्या साऱ्या गटांत धाडले होते आणि वर लिहिले होते की दुर्मिळ माहिती, अवश्य वाचा. सरांनी खिशातले पेन काढिले, शरयूच्या खाली आपले नाव लिहिले, हुद्दाही लिहिला, आणि पेन श्रीरंगापुढे धरिले. श्रीरंग खाली पाहू लागला. मग पुटपुटला की, त्यास अर्धे खरे वाटले होते. शरयू म्हणाली, "मग अर्धं नाव लिही." त्याने 'श्री' लिहिले, आणि सर्व दालन हसले, आणि श्रीरंगही हसला, आणि कानाचा विषय तेथेच राहिला.

एवंच, प्रदर्शनात पहिला क्रमांक तोफेच्या प्रतिकृतीस मिळाला आणि शरयूस काही मिळाले नाही. पुठ्ठ्यावर एकसष्ट नावे आणि एक अर्धे नाव जमले, आणि पंतांनी त्याची छबी राज्यात लाविली, तेव्हा सातशे रयत रुसून निघून गेली. शरयूने पंतांस अद्याप पुरते माफ केलेले नाही. पंत काहीही लावोत, गड लावोत की धुके लावोत, तिचे दोन शब्दांचे पत्र येते: 'हे कशावरून?' आणि पंत सर्व कामे बाजूस ठेवून उत्तर देतात. इतकी हकीकत. बहुत काय लिहिणे, पुसत जावे.