थांबा म्हणेपर्यंत

अंबरनाथ पश्चिमेच्या शाळेत पहिलीच्या मुलांना बेडूकउड्या शिकवताना चिंतामणी सरांची एकच अडचण होती. मुलं मध्येच थांबत. कुणाची आई कुंपणापलीकडून हाक मारी, कुणाला मुंगळा दिसे. एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या सरांनी शेवटी कारखान्याचा नियम काढला.

"ज्यानं मशीन चालू केलं, त्यानंच बंद करायचं. मी 'थांबा' म्हणेपर्यंत उड्या. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

"आईचं पण नाही?" सुरुचीनं विचारलं.

"आईचं पण नाही. गुडघे वाकवा, चवड्यांवर उतरा. सुरू."

अठरा मुलं उड्या मारू लागली, तेवढ्यात मुख्याध्यापिका मालिनीबाईंनी सरांना ऑफिसात बोलावलं.

"सर, तुम्ही आता अडुसष्टचे. संस्था तरुण शिक्षक बघतेय. पालकांची एक जरी तक्रार आली ना, तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही."

सर मान डोलवत होते. शाळा सुटल्याची घंटा झाली. बाईंच्या मागच्या खिडकीबाहेर अठरा दप्तरं वर-खाली होत फाटकाकडे निघाली होती.

सरांनी मुलांच्या पत्त्यांची वही उचलली आणि स्कूटरला किक मारली.

नाक्यावर साईनाथची रिक्षा जागच्या जागी उसळत होती. आत सहा मुलं होती. "सर, परवाच शॉकअप टाकलेत," तो हँडल धरून म्हणाला. सर "थांबा" म्हणाले. रिक्षा शांत झाली.

पुढे सलूनमध्ये सोहमचे अर्धे केस कापून झाले होते. उरलेल्या अर्ध्यांसाठी न्हावी कात्री घेऊन त्याच्याबरोबर उड्या मारत होता. "ताल बसलाय सर, आता बोलू नका," तो धापा टाकत म्हणाला.

चिखलोलीत चौथ्या मजल्यावर गंधारची आई ताट घेऊन उभी होती. "सर, प्लीज थांबवू नका. एका उडीला एक घास. लाइफमध्ये पहिल्यांदा दुधी खातोय." तिच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. त्यांच्या डोक्यावर त्यांच्याच छताचं प्लास्टर होतं. काका पालक नव्हते, त्यांची तक्रार मोजली गेली नसती. तरी सरांना दया आली.

संध्याकाळपर्यंत अठराही मुलं थांबली. सर निश्चिंत झोपले.

सकाळी पालक मुलांना गुंडाळलेल्या चटयांसारखं काखेत घेऊन आले आणि त्यांनी त्यांना वर्गात ओळीनं उभं करून ठेवलं.

"काल तुम्ही थांबा म्हणालात, तेव्हापासून असाच आहे," गंधारचे बाबा दंड चोळत म्हणाले. "झोपला पण उभाच."

"अगं सुरुची, हल की," सर कासावीस होऊन म्हणाले.

"तुम्ही बंद केलंय ना," ओठ न हलवता सुरुची म्हणाली. "मग तुम्हीच चालू करायचं."

मालिनीबाई दारात आल्या. "सर, अठरा तक्रारी आल्यात," त्या म्हणाल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

"हा कसला आवाज?"

"पंख्याचा, बाई."

"तीस वर्षांत पहिलीच्या वर्गात मी तो कधी ऐकला नव्हता."

सरांनी 'चला' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी मला हजेरी घेऊ द्या. आणि उद्यापासून दुसरीचाही तास तुम्हीच घ्या."